पहिल्या टेबलचा ट्रे

"मशीन काय खोटं बोलतं का?" असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक झालंय. मिक्सर बिघडला, फोन अडकला, की मुद्दाम मला ऐकू जाईल असं विचारतात आणि माझं तोंड बघत बसतात. बघा बापडे! एका मशीनने सगळ्यांदेखत खोटं सांगितलं आणि त्यापायी एका बाईची नोकरी गेली, हे त्यांनी कुठे पाहिलंय?

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मी टेस्टिंग विभागात होते. वाशीत राहायचे, कंपनीच्या बसने जायचे. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या आतली सर्किटची कार्डं बनवायचो. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात तेव्हा अजून जुने काटेच चालायचे, आणि आमचे साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, म्हणायचे की बघा, उद्या तिथल्या प्रत्येक गाळ्यात आपला काटा लागणार. माणूस तसा वाईट नव्हता. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

बायका ओळीने टेबलांशी बसून कार्डांवर सोल्डरिंग करायच्या, म्हणजे वितळलेल्या कथलाने बारीक भाग जोडायच्या. बहुतेक जणी आसपासच्या खाडीकाठच्या गावांतल्या. जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, म्हणून घरटी एकीला तरी कुठे कुठे कामं लागली होती. पहिल्या टेबलवर बसायची ती मात्र मराठवाड्यातली. तुर्भ्याला एका खोलीत राहायची. नवरा अपघातात गेलेला. लहान लेक गावाला तिच्या आईपाशी. ती अजून टेंपररी होती, आणि टेंपररी नोकरीवर लेकीला इथे आणायची तिची छाती होत नव्हती. दिवाळीच्या आधी परमनंट होणार होती, तसं साहेबांनीच तिला सांगितलं होतं. तिने तुर्भ्याच्या शाळेत विचारूनही ठेवलं होतं. "गुरुजी म्हनले, दिवाळीनंतर घेऊन या, बसवून घेतो," हे तिने मला डबा खाता खाता किती वेळा सांगितलं असेल! मी म्हणायचे, "अगं कळलं गं बाई, माझ्या वर्गात थोडीच बसणार आहे ती!" मग हसायची.

त्या वर्षी कारखान्यात नवा टेस्टर आला. आधी प्रत्येक कार्ड मीटर लावून हाताने तपासायचो. आता एक छोटा कॉम्प्युटर, हिरवी अक्षरं उमटणारा, आणि त्याच्या पुढ्यात पिनांची एक गादी. स्प्रिंगच्या बारीक पिना दाटीने उभ्या. त्यावर कार्ड ठेवायचं, दांडा खाली ओढायचा, की प्रोग्राम एकामागून एक तपासण्या करायचा आणि शेवटी हिरवा नाहीतर लाल दिवा लावायचा. तो प्रोग्राम मी लिहिला होता. मिरवायचे मी त्याबद्दल, खोटं कशाला बोलू.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. नवा टेस्टर म्हणजे त्या वर्षीचा नवरदेव. साहेबांनी शर्ट-पँटवरच उपरणं घेतलं, टेस्टरला झेंडूचा हार घातला, ओल्या बोटांनी हळद-कुंकवाचे पट्टे ओढले, लोखंडी कडेवर नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी हाताने सगळीकडे शिंपडलं. लेथला, ड्रिलला दरवर्षी असंच करायचे, त्यांना कधी शिंकसुद्धा आली नव्हती. मीही हात जोडून उभी होते. मनात आलं ते एवढंच, की झेंडूच्या पाकळ्या पिनांत अडकू नयेत म्हणजे झालं.

पहिल्या टेबलवाली मागे उभी होती, हात बाजूला ठेवून. ती बौद्ध. त्यांच्याकडे ही पूजा करत नाहीत. तिने त्याचा गाजावाजा केला नाही, नाक मुरडलं नाही, खोबरंसुद्धा घेतलं. फक्त हात जोडले नाहीत. आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

दसऱ्याची सुट्टी संपून कारखाना सुरू झाला आणि तिची कार्डं नापास व्हायला लागली.

एखाद-दुसरं नव्हे, रोज अर्धा-अर्धा ट्रे. बाकीच्या बायकांची सगळी पास, हिचीच लाल. नापास कार्डं दुरुस्तीच्या टेबलवर जायची, तिथला माणूस प्रत्येक जोडावर पुन्हा सोल्डरिंगची गरम सळई टेकवायचा, दुपारी कार्ड परत टेस्टरवर लावलं की पास. मग काय, सुपरवायझरच्या हातात आयतंच कोलीत! "सोल्डर कच्चं आहे मॅडम. पुन्हा मारलं की पास होतंय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी भिंगाखाली तिचे जोड पाहिले. एकसारखे, चकचकीत. मी मुद्दाम एक नापास कार्ड दुरुस्तीला जाऊ न देता दुपारी स्वतः लावलं. पास झालं. सुपरवायझरला दाखवलं तर तो म्हणतो, "कच्चा जोड असाच असतो. कधी लागतो, कधी सुटतो." आणि हे अगदी खरं आहे हो! कच्चा जोड असाच असतो.

बायकांत कुजबुज सुरू झाली. त्यांच्यातली एक वयस्क बाई, एरवी फार मायाळू, मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, तिनं हात नाय जोडलं. मशीनला राग आलाय, दुसरं काय नाय." मी खेकसले तिच्यावर. म्हटलं, मशीनला राग येत असता तर पहिल्यांदा माझ्यावर आला असता, मी रोज त्याला शिव्या घालते. ती हसली नाही.

पहिल्या टेबलवालीला ते कळत होतंच. एकदा म्हणाली, "मॅडम, माझं सोल्डर खराब असलं तर मीच म्हनन, काढा मला. पर आधी मला दाखवा की, कुठं खराब हाय ते." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. तिचा ट्रे रोज सकाळी सगळ्यात आधी टेस्टरवर लागायचा. कारण सरळ होतं. संध्याकाळी सुटताना फक्त तिचाच ट्रे पूर्ण भरलेला असायचा, बाकीच्यांचे दुसऱ्या दिवशी दहा-अकरापर्यंत भरायचे. मी सुपरवायझरला म्हटलं, उद्या दुसऱ्या कुणाचा तरी आधी लावा. त्याने बायकांना विचारलं. एकही तयार होईना! "तिच्या जागेवर आमचा ट्रे नको," म्हणाल्या. नापासाची साडेसाती आपल्यामागे कोण लावून घेणार? आणि साहेबांना सांगायला गेले तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दिवाळीआधी माल निघायचाय मॅडम. तुमचे प्रयोग नंतर."

म्हणजे मला नापास कार्ड नापास होताना, त्या क्षणी पकडायला हवं होतं. अडचण अशी की टेस्टर शेवटी नुसता लाल दिवा लावायचा. कोणत्या पायरीवर काय बिघडलं हे कळेपर्यंत टेस्टरच्या आतले सगळे स्विच सुटलेले, चोर पळालेला. प्रोग्राममध्ये थांबा घालता यायचा, ब्रेकपॉइंट म्हणतात त्याला. प्रोग्राम तिथे आला की जागच्या जागी उभा राहतो, मग मीटर लावून हवं ते बघा, बटण दाबा, पुढे जाईल. पण थांबा नेमका कोणत्या पायरीवर घालायचा? पायऱ्या ढीगभर.

एका सकाळी लवकर जाऊन मी सगळ्याच पायऱ्यांवर थांबे घातले. तिचं पहिलं कार्ड लावलं आणि एकेक पायरी मोजत, बटण दाबत पुढे सरकले. तास होऊन गेला. एसीने खोली गार झाली, मशीन आतून गरम झालं. कार्ड पास. मग थांबे काढून तिचा पूर्ण ट्रे लावला, तोही पास! मला वाटलं, चला, सुटली पोरगी. दुसऱ्या दिवशी थांबे नव्हते, आणि पुन्हा लालच लाल. म्हणजे मी उभी राहिले की ते शहाण्यासारखं वागणार आणि पाठ वळली की तिला बुडवणार. इतकी असहाय मी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले. बसमध्ये खिडकीशी बसून रडले, आणि शेजारच्या अकाउंट्सच्या बाईंना सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली.

तेव्हा कुठे उजेड पडला, की हे जे काही आहे ते फक्त सकाळच्या पहिल्या तासात असतं. माझ्या थांब्यांनीच तो तास खाल्ला होता. तर मग थांबा मी घालायचाच नाही, प्रोग्रामनेच घालायचा. प्रत्येक पायरीनंतर त्याने स्वतः आकडा तपासावा. बरोबर असेल तर न थांबता पुढे पळावं. चुकीचा दिसला की तिथेच स्वतःसाठी थांबा रोवावा, स्विच होते तसे धरून ठेवावेत, तिथला आकडा मोजत राहावा आणि मला हाक मारावी. मी बघून घेतलं की तोच थांबा उपटून पुढे निघावं. आज पोरं हसतील, म्हणतील यात काय एवढं. त्या कॉम्प्युटरला स्वतःच्याच चालत्या प्रोग्राममध्ये हात घालायला लावणं म्हणजे चालत्या शिलाई मशीनची सुई बदलणं होतं. चार ओळी चुकल्या की सगळं गारद, पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे डबा खायचे तेव्हा मी तेवढंच करत बसायचे. ती माझ्यासाठी तिच्या डब्यातली चटणी-भाकरी आणून ठेवायची. "जमतंय का मॅडम?" म्हणायची. मी म्हणायचे, "जमेल." दिवाळी तोंडावर आली होती.

शेवटी जमलं. सकाळी कुणी यायच्या आत मी टेस्टर लावला, तिचं पहिलं कार्ड गादीवर ठेवलं, दांडा ओढला. हिरवी अक्षरं धावली, धावली आणि थांबली. वजनाच्या पायरीवर. कार्डाच्या ज्या टोकाला विजेचा अगदी बारीकसा दाब कळायचा, तिथे वजन नसताना शून्य यायला हवं होतं, आणि आकडा भलताच होता. आणि मग मला काय सुचलं कोण जाणे, मी दांडा वर केला आणि कार्ड काढूनच घेतलं.

आकडा तसाच राहिला.

गादीवर कार्डच नव्हतं, आणि तरी मशीन सांगत होतं, कार्ड नापास! "अगं बाई गं," असं मी मोठ्याने म्हणाले, एकटीच. पडद्यावर ते तसंच उभं ठेवून मी साहेबांच्या केबिनकडे पळाले. ते नुकतेच आले होते. म्हटलं, साहेब, आत्ताच्या आत्ता चला, एक गोष्ट दाखवायची आहे. ते म्हणाले, चहा घेतो आणि येतो.

चहा झाला, एक फोन आला, दुसरा आला. मी दोनदा जाऊन आले. तोपर्यंत तो आकडा हळूहळू सरकत, माझ्या डोळ्यांसमोर, शून्यावर येऊन बसला. साहेब आले तेव्हा पडद्यावर सगळं आलबेल. मग मी फिटरला बोलावून पिनांच्या गादीचं झाकण उघडायला लावलं. आत पिनांच्या मुळाशी लाल-पिवळा राप बसला होता. कुंकू, हळद आणि वाळलेलं नारळाचं पाणी. ते रात्री खाडीची दमट हवा पिऊन ओलं व्हायचं, त्यातून एका पिनेची वीज शेजारच्या पिनेत झिरपायची, आणि एसी सुरू होऊन तास गेला की वाळून गप्प व्हायचं. तोपर्यंत पहिल्या टेबलचा ट्रे लाल झालेला असायचा. ती सगळ्यांच्या आधी काम संपवायची, हाच काय तो तिचा गुन्हा.

साहेब वाकून बघत राहिले. मग फिटरला म्हणाले, "स्पिरिट आण. पुसून घे." आणि मला, "केबिनमध्ये या."

केबिनमध्ये ते म्हणाले, "काय सांगायचंय तुम्हाला? पूजेने मशीन बिघडलं?"

"पूजेने नाही साहेब, पाण्याने. तिची कार्डं चांगली होती. एवढंच बाहेर येऊन सगळ्यांना सांगा."

"नारळ मी फोडला होता मॅडम. उद्या हेड ऑफिसला कळलं तर? आणि बायका काय म्हणतील, देवाच्या पाण्याने खराबी झाली म्हणून? नसतं खूळ काढू नका. मशीन साफ झालं, विषय संपला."

"आणि तिचं काय?"

"तिला कमी करायचे कागद गेलेत वर."

मी भांडले. माझा आवाज बाहेर ऐकू जात होता, असं नंतर फिटर म्हणाला. मी पर्सोनेलमध्ये, नोकरवर्गाचं बघणाऱ्या विभागात गेले, तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या मॅनेजरांकडून आलंय का हे?" नाही म्हटल्यावर त्यांनी हात पसरले. सुपरवायझरला सांगितलं, तो म्हणाला, दाखवा. काय दाखवू, कप्पाळ? पुसून लख्ख केलेल्या पिना? फिटरला विचारलं तर तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, मला पन पोरं हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ट्रे लावला. सगळी कार्डं हिरवी. मला वाटलं, आता तरी! तर सुपरवायझर सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंत? जायची वेळ आली तेव्हा नीट सोल्डर मारायला लागली. आधी मारलं असतं तर?" आणि त्या वयस्क बाईने मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने फास लागल्यावर सुधारणा दाखवली असं ठरलं.

त्याच शनिवारी तिला कमी केलं. ती माझ्या टेबलशी आली. मी तिला सगळं सांगितलं, कुंकू, पाणी, पिना, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं होतं चिडेल, साहेबांना शिव्या घालेल. मी वाटच बघत होते त्याची.

"म्हंजे गादीवर माझं कार्ड नव्हतं, तरी नापासच म्हनत होतं?"

"हो."

"हे बाकीच्यांनी बघितलं?"

"नाही गं. मी एकटीनेच."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुम्ही तरी बघितलं." आणि मला म्हणाली, रडू नका. मला! कुणी कुणाची समजूत घालायची, तेही उलटंच झालं. शाळेचं मी विचारलं नाही. फाटकाशी ती पिशवी खांद्याला लावून तुर्भ्याच्या बाजूला चालायला लागली. मग कंपनीची बस आली आणि मी चढले. पुढे मी तुर्भ्याला दोनदा जाऊन आले. खोलीत दुसरे लोक होते. गावाला गेली, एवढंच त्यांना माहीत होतं.

मी नोकरी सोडली नाही. घरी बसून काय करणार होते? त्या प्रोग्रामचं मात्र साहेबांनी कौतुक केलं. आपणहून थांबणारा टेस्टर म्हणून पाहुण्यांना दाखवायचे. मला शेजारी उभं करायचे आणि म्हणायचे, आमच्या मॅडमची करामत. मी दात दाखवायचे.

पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली. तसाच झेंडू, तसंच उपरणं. पहिल्या टेबलवर नवी मुलगी होती, ती पुढे येऊन हात जोडून उभी राहिली. सगळे आपापल्या जागी, मीही. साहेबांनी नारळ हातात घेतला आणि मग थांबले. सुपरवायझरकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "आधी ते घाला."

सुपरवायझरने कपाटातून प्लास्टिक काढलं. पिनांच्या गादीच्या बरोबर मापाचं, कडेने शिवून घेतलेलं. कुणीतरी माप देऊन, आधीपासून करून घेतलं होतं. त्याने ते गादीवर चढवलं, कोपरे नीट दाबले. साहेबांनी प्लास्टिकवर कुंकवाचे पट्टे ओढले, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. पाण्याचे थेंब प्लास्टिकवरून घरंगळून खाली गेले.

मी विचारलं, सगळ्यांदेखत, "साहेब, प्लास्टिक कशाला?"

"असू दे. काळजी घेतलेली बरी," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं.